वेड-नेस-डे म्हणणाऱ्यांचं बरोबरच होतं

शाळेला पन्नास वर्षं झाली, त्याला आपण सुवर्णमहोत्सव म्हणतो आणि कमानीवर ‘गोल्डन ज्युबिली’ असंही लिहितो. ज्युबिली हा शब्द हिब्रूतल्या ‘योबेल’वरून आला. योबेल म्हणजे एडका, आणि त्यावरून एडक्याचं शिंग. ज्यूंच्या धर्मग्रंथात सात वर्षांचा एक गट, असे सात गट मोजायला सांगितलं आहे. एकोणपन्नास वर्षं पुरी झाली की पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचं, विकल्या गेलेल्या जमिनी मूळ कुटुंबांना परत करायच्या, दासांना मोकळं करायचं. पंचविसाची रौप्य ज्युबिली, साठाची हीरक ज्युबिली ही पुढची भर. शब्दाचा मूळ हिशेब पन्नासाचाच, आणि तो साताच्या पाढ्यातून निघालेला.

आठवणी लिहिणारे सोबती या स्मरणिकेत पुष्कळ आहेत. शब्दांचे उगम शोधणं हे माझं काम असल्यामुळे मी साताच्याच पाढ्यातली दुसरी गोष्ट शाळेला देतो आहे. इंग्रजीचे सात वार आणि त्यांच्या शेजारी, वरकरणी काही नातं नसलेले, बोलण्यातले छोटे प्रत्यय. पाचवी ते दहावीच्या कुठल्याही इंग्रजीच्या तासाला हे वापरता येईल अशा बेताने लिहिलं आहे.

मराठी शाळांत ‘वेन्सडे’चं स्पेलिंग पाठ करताना मुलं ‘वेड-नेस-डे’ असं म्हणतात. उच्चार चुकतो, पण शब्दाचा सांधा बरोबर सापडतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा वार ‘वोडनेस-डॅय’ होता. वोडन हे देवाचं नाव, ‘एस’ हा षष्ठीचा प्रत्यय, आणि डॅय म्हणजे दिवस. वोडनचा दिवस. आज आपण ‘रामाज बुक’मध्ये वर स्वल्पविराम टांगून जो एस लिहितो, तोच हा एस. डी-एन-एस ही तीन व्यंजनं लागोपाठ आली की जीभ मधलं काहीतरी गाळते, तसा डीचा उच्चार गेला. लिहिण्यात मात्र देवाचं नाव बऱ्यापैकी शाबूत राहिलं. म्हणून स्पेलिंग शिकवताना ‘डी सायलेंट’ एवढंच सांगून थांबू नये. वेडन, मग एस, मग डे, असे तीन तुकडे फळ्यावर पाडावेत. चूक होते ती बहुधा एन आणि ई यांच्या अदलाबदलीची; ‘एस’ वेगळा दिसला की ती कमी होते.

बाकीचे वार याच चाकूने कापता येतात. ट्यूजडे म्हणजे ‘टीवेस-डॅय’, टीव देवाचा दिवस. थर्सडे म्हणजे ‘थुनरेस-डॅय’, गडगडाटाचा देव थुनर याचा. ‘थंडर’ हा शब्द त्याच नावाचा सख्खा भाऊ. त्यातला डी मागाहून शिरला. थुनरेसचं थर्स होण्यात उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांच्या ‘थोर’चा हातभार आहे. त्यांच्याकडे हा वार ‘थोर्सडागर’ होता आणि दोन्ही भाषा काही शतकं इंग्लंडात शेजारी नांदल्या. फ्रायडे म्हणजे ‘फ्रीये-डॅय’, वोडनची बायको फ्रिग हिचा. सॅटर्डेत रोमन सॅटर्न जसाच्या तसा बसला आहे.

मग सनडे आणि मनडेमध्ये तो एस का नाही? चौकस मुलं हा प्रश्न विचारतातच, आणि त्याचं उत्तर आपल्या सामान्यरूपासारखं आहे. जुन्या इंग्रजीत सगळ्या नामांना षष्ठीत एस लागत नसे. ‘सुने’ म्हणजे सूर्य, त्याचं षष्ठीतलं रूप ‘सुनन’. ‘मोना’ म्हणजे चंद्र, त्याचं ‘मोनन’. सुनन-डॅय, मोनन-डॅय. पुढे दोन्हींतला शेवटचा ‘अन’ झिजून गेला. जुन्या इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी होता आणि चंद्र पुल्लिंगी. जर्मनमध्ये अजूनही तसंच आहे.

‘डे’विषयी एक गैरसमज मुद्दाम खोडावा लागतो. डे आणि दिवस दिसायला जुळे वाटतात, पण त्यांचं नातं नाही. ‘दिवस’चे नातलग लॅटिन ‘दिएस’कडे आहेत. ‘डे’ हा जर्मन ‘टाग’चा भाऊ. जर्मनने शेवटचा ग ठेवला, इंग्रजीने त्याचा य केला. हा नियम पक्का आहे आणि फळ्यावर चार जोड्या लिहिल्या की मुलांना लगेच दिसतो: टाग–डे, वेग–वे, रेगन–रेन, नागल–नेल. आणि गंमत अशी की ट्यूजडेमध्ये आपल्या ‘दिवस’चा खरा नातलग आहेच, फक्त तो ‘डे’ नाही, ‘ट्यूज’ आहे. टीव हे नाव ज्या प्राचीन शब्दावरून आलं, त्यावरूनच संस्कृतातला ‘देव’ आला, आणि दोन्हींच्या मुळाशी उजळलेलं आकाश असा अर्थ आहे. ‘दिवस’ही त्याच मुळाचा. फ्रिगही परकी नाही. तिच्या नावाचं संस्कृतातलं जुळं रूप ‘प्रिया’, आणि इंग्रजी ‘फ्रेंड’ त्याच मुळाचा.

हे देव वारांवर कसे बसले? रोमन लोकांनी सात ग्रहांच्या नावांनी वार मोजायला सुरुवात केली होती. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवरसुद्धा वारांच्या देवांची यादी खरडलेली सापडली आहे. साम्राज्याच्या उत्तरेकडच्या जर्मन टोळ्यांनी हा आठवडा उचलला तेव्हा त्यांनी नावं नुसती घेतली नाहीत, रोमन देवाच्या जागी आपला मिळताजुळता देव बसवला. मंगळाचा मार्स लढाईचा, म्हणून टीव. ज्युपिटरच्या हातात वीज, म्हणून थुनर. व्हीनस प्रेमाची, म्हणून फ्रिग. बुधाचा मर्क्युरी मेलेल्यांच्या आत्म्यांना वाट दाखवणारा, प्रवासी, आणि वोडनही तसाच भटका, म्हणून वोडन. शनीच्या सॅटर्नला जोड सापडली नाही. इंग्रजांनी तो तसाच ठेवला, उत्तरेकडच्यांनी शनिवारला चक्क ‘अंघोळीचा वार’ म्हटलं, आणि जर्मनीत सब्बाथवरून, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारावरून आलेला शब्द चालला. वोडनचा वार जर्मनांनी पुढे टाकून दिला. ‘मिटवोख’ म्हणजे आठवड्याचा मधला, एवढंच आता तिथे उरलं आहे.

पोर्तुगीजांनी तर देव काढूनच टाकले. सोमवार ते शुक्रवार हे त्यांच्याकडे दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा असे नुसत्या क्रमांकांचे वार आहेत. गोव्यात साडेचारशे वर्षं त्यांचं राज्य होतं, तरी कोकणीतले वार ग्रहांचेच राहिले. आयतार म्हणजे आदित्यवार, बिरेस्तार म्हणजे बृहस्पतिवार. रोजच्या जिभेवरचे वार राज्यकर्त्याच्या कॅलेंडरला सहसा बधत नाहीत, असं मला वाटतं.

आपला गुरुवार आणि त्यांचा थर्सडे एकाच दिवशी का, याचं उत्तर देताना शिक्षकसुद्धा कधी कधी घसरतात. गुरू बृहस्पती आणि थुनर यांच्या स्वभावात काहीच साम्य नाही. वज्र हवं असेल तर इंद्राकडे जावं लागेल. साम्य ग्रहाचं आहे. भारतात वार ग्रहांवरून आले, युरोपात उत्तरेकडे ते ग्रहांच्या रोमन देवांवरून आले, म्हणून गाठ ज्युपिटर या ग्रहापाशी पडते. ही गोष्ट न कळल्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या काही युरोपीय विद्वानांनी बुधवार आणि वोडनचा वार एकच दिसतात म्हणून वोडन म्हणजे गौतम बुद्ध अशी जोडी लावली होती. बुध हा ग्रह, बुद्ध ही व्यक्ती. एका ‘द’ने केवढा घोळ केला.

आता क्रम. रवीनंतर सोम आणि सोमनंतर मंगळच का? आकाशात तर ते या क्रमाने नाहीत. हा सगळ्यांत देखणा भाग आहे आणि तो वर्गात दहा मिनिटांत करून दाखवता येतो.

सात मुलं गोलात उभी करा. त्यांना हळू चालणाऱ्यापासून जलद चालणाऱ्यापर्यंत ग्रहांची नावं द्या: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या जुन्या ज्योतिषाचा हा क्रम आहे. आता शनीपासून एकेक तास मोजत चला. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक ग्रह मालक, आणि पहिल्या तासाचा मालक तोच दिवसाचा मालक. सात तासांनी पुन्हा शनी येतो. तीन फेऱ्यांत एकवीस तास झाले. बाविसावा शनी, तेविसावा गुरू, चोविसावा मंगळ. दिवस संपला. पुढचा तास, म्हणजे उद्याचा पहिला, रवीचा. शनिवारनंतर रविवार. तिथून पुन्हा चोवीस मोजा, चंद्रावर याल. मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र, आणि परत शनी. एका मुलाकडून दुसऱ्याकडे याच क्रमाने दोरी नेली की सात टोकांची चांदणी तयार होते.

सगळं इथे चोवीसला सातने भागल्यावर उरणाऱ्या तीनवर चालतं. मुलांना विचारा, दिवस तेवीस तासांचा असता तर? बाकी दोन उरेल, आणि शनिवारनंतर मंगळवार, मग शुक्रवार, मग सोमवार येईल. गणिताच्या शिक्षकांनाही हा तास उसना घेता येईल.

आर्यभटाने हा नियम एका श्लोकात सांगून ठेवला आहे. शनीपासून उत्तरोत्तर जलद जाणारे सात होरेश, म्हणजे तासांचे मालक, आणि त्या क्रमातला चौथा-चौथा तो सूर्योदयापासून दिवसाचा स्वामी. इथे मुलं हमखास अडखळतात, कारण आपण तीन पुढे गेलो आणि आर्यभट चौथा म्हणतो. तो जिथून मोजायला सुरुवात केली तो ग्रहही धरतो. शनी एक, गुरू दोन, मंगळ तीन, रवी चार. आपल्याकडे वाराची नोंद असलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या एरणच्या स्तंभावर आहे. बुधगुप्ताच्या काळातला, गुप्त संवत १६५, म्हणजे इ. स. ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार ‘सुरगुरू’चा, म्हणजे गुरुवार.

‘होरा’ हा शब्द पंचांगात अजून छापला जातो. तो ग्रीक ‘होरा’वरून आला, आणि त्या ग्रीक शब्दावरूनच इंग्रजी ‘अवर’ आला. त्याच्या स्पेलिंगमधला मुका एच ही तीच जुनी खूण. पण वराहमिहिराने त्याच्या काळात काही जण देत असलेली दुसरी व्युत्पत्तीही नोंदवली आहे: ‘अहोरात्र’ या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की उरतं ते ‘होरा’. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. पण शब्दाची दोन्ही टोकं कापून मधला तुकडा वापरता येतो, हे तेव्हाच्या पंडितांना पटण्यासारखं वाटत होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्रजीत ‘इन्फ्लुएन्झा’चा ‘फ्लू’ आणि ‘रेफ्रिजरेटर’चा ‘फ्रिज’ अगदी असाच झाला आहे.

वारांमध्ये शब्द नकळत झिजले. बोलीतल्या शब्दांमध्ये लोक ते जाणूनबुजून कापतात आणि कापलेल्या टोकाला एक छोटा प्रत्यय लावतात. कापण्याला रीत आहे. शब्दाचा पहिला अवयव, म्हणजे सिलॅबल, घ्यायचा, त्यानंतरचं व्यंजन त्याला चिकटवायचं, आणि मग प्रत्यय. ‘टेलिव्हिजन’मधला ‘टेल’, पुढे वाय: टेली. ‘हँडकरचिफ’चा हँकी. ‘ब्रेकफास्ट’चा ब्रेकी. आपल्याला यात नवीन काही नाही. रमेशचा रम्या, सचिनचा सच्या, गणेशचा गण्या, मंगलाची मंगी. रम अधिक या, सच अधिक या. कापायची जागा तीच.

वाय किंवा आय-ई हा प्रत्यय आधी स्कॉटलंडमध्ये माणसांच्या नावांना लागला, पंधराव्या शतकाच्या आसपासपासून, जेम्सचा जेमी असा. मग तो वस्तूंना लागला. ‘मूव्हिंग पिक्चर’चा मूव्ही झाला, त्याच्या धर्तीवर बोलणाऱ्या चित्राची टॉकी झाली, आणि तिचं अनेकवचन आपण थिएटरच्या नावात कायमचं बसवलं: टॉकीज. ऑस्ट्रेलियात या प्रत्ययाला ऊत आला आहे. डास म्हणजे मॉझी, बार्बेक्यू म्हणजे बार्बी, सुतार-प्लंबर वगैरे कारागीर म्हणजे ट्रेडी. ‘सेल्फी’ची २००२ सालची नोंदसुद्धा तिथलीच, ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१३ मध्ये तो वर्षाचा शब्द ठरवला.

शेवटी ‘ई’ दिसली की तो हाच प्रत्यय, असं मात्र धरू नये. ‘कुकी’ डच भाषेतून आली, तिथल्या ‘कूक्ये’ म्हणजे छोटा केक या शब्दावरून. ‘टॅक्सी’ हा ‘टॅक्सीमीटर’चा नुसता तुकडा, त्याला काही जोडलेलं नाही. स्पेलिंगचा नियमही सांगावा: आखूड स्वरानंतर व्यंजन दुप्पट होतं, म्हणून टेलीत दोन एल, टमीत दोन एम.

ओ हा प्रत्यय दोन वाटांनी आला. एक वाट कापलेल्या शब्दांची, ज्यांत ओ आधीपासूनच होता. फोटो, किलो, मेमो, डेमो हे सगळे मराठीतही रुळलेत. दुसरी वाट फेरीवाल्यांच्या हाकेची. सिडनीत ससे विकणारे ‘रॅबिट-ओ’ म्हणून ओरडत, दूधवाला ‘मिल्क-ओ’. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या साउथ सिडनीच्या रग्बी संघाचं नाव त्या हाकेवरूनच ‘रॅबिटोज’ आहे. आपल्याकडच्या फेरीवाल्यांची हाकही शेवटी अशीच लांबते, हे वेगळं सांगायला नको. मेलबर्न-सिडनीला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी काही शब्द आधीच ओळखीचे करून घ्यावेत: आर्व्हो म्हणजे दुपार, सर्व्हो म्हणजे पेट्रोल पंप, रेगो म्हणजे गाडीची नोंदणी, स्मोको म्हणजे कामातली चहाची सुट्टी. ‘विअर्डो’, ‘सिको’ यांतला ओ मात्र हिणवणारा आहे. परक्या माणसावर तो वापरू नये. आणि यांतला कुठलाच शब्द अर्जात किंवा उत्तरपत्रिकेत लिहू नये.

तिसरा प्रत्यय ‘अर’. तो इंग्लंडातल्या ‘रग्बी स्कूल’ या शाळेतल्या मुलांच्या बोलीतून ऑक्सफर्डला पोचला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे त्याची साथच आली. रग्बीचा रगर झाला. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तिच्या नियमांचा खेळ तो ‘असोसिएशन फुटबॉल’, आणि त्यातल्या ‘असोक’ तुकड्याचा सॉकर. हा अमेरिकनांनी काढलेला शब्द आहे असं अनेक इंग्रजही मानतात, पण तो अस्सल ऑक्सफर्डचा. केराच्या टोपलीला, म्हणजे ‘वेस्ट पेपर बास्केट’ला, तिथली मुलं ‘वॅगर-पॅगर-बॅगर’ म्हणत. ‘फ्रेशमन’चा फ्रेशर आपल्या कॉलेजांच्या पार्ट्यांपर्यंत आला. रेडिओवर क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्यांना जोनाथन अ‍ॅग्न्यूचा ‘अ‍ॅगर्स’ आणि ब्रायन जॉन्स्टनचा ‘जॉनर्स’ परिचित असतील. त्यांतला ‘अर्स’ हाच.

सॉकर आणि रेगो शेजारी ठेवून पाहा. ‘असोसिएशन’ बोलताना त्या सीचा उच्चार क कधीच होत नाही. शब्द कागदावर कापला गेला, तुकड्याच्या शेवटी सी उघडा पडला आणि वाचणाऱ्याने त्याचा क केला. पुढे ‘सोसर’ असं कुणी वाचू नये म्हणून सी दोनदा लिहिला जाऊ लागला. त्याआधी के घातलेलं स्पेलिंगही चालून गेलं. ‘बायसिकल’चं ‘बाइक’ असंच, डोळ्याने कापलेलं. ‘रजिस्ट्रेशन’चा रेगो मात्र कानाने कापला आहे. लिहिताना जी, पण ऑस्ट्रेलियन माणूस म्हणतो रेजो. नवखा माणूस हटकून ‘रेगो’ वाचतो, आणि मीही वर मराठीत लिहिताना अक्षराला धरून तसंच लिहिलं.

नावांत र आला की इंग्रजीची पंचाईत होते. दक्षिण इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात शब्दाच्या शेवटी र ऐकूच येत नाही, मग कापलेल्या तुकड्याला टोक उरत नाही. म्हणून तिथे झ बसवतात: गॅरीचा गॅझ, बॅरीचा बॅझ आणि बॅझा. फार जुन्या नावांत त्या जागी ल आहे: मेरीची मॉली, साराची सॅली, हॅरीचा हॅल. मराठीला ही अडचण नाही. सुरेशचा सुऱ्या, नरेंद्रचा नऱ्या. र जागेवर राहतो. सुरुवातीचं जोडाक्षर मात्र आपण सोडवतो: प्रकाशचा पक्या, प्रदीपचा पद्या, प्रमोदचा पम्या. इंग्रजीत फ्रेडरिकचा फ्रेडी होताना र टिकला, फ्रान्सिस नावाच्या मुलीची फॅनी होताना तो गेला.

‘निकनेम’ हा शब्दही असाच सांधा चुकून झाला आहे. मूळ ‘एकनेम’, त्यातल्या ‘एक’चा अर्थ ‘आणखी’. आणखी एक नाव. त्याच्या आधी येणाऱ्या ‘अॅन’मधला एन पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘अ निकनेम’ झालं. ‘माइन एड’ म्हणता म्हणता एडवर्डचा नेड झाला तोही याच वाटेने.

इंग्रजीच्या शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. वर्गाचा हजेरीपट घ्या, प्रत्येक नावाचं मित्रांतलं रूप त्याच्यापुढे मुलांकडूनच लिहून घ्या, आणि कापलेल्या जागी उभी रेघ मारा. या, ई आणि ऊ यांचे तीन रकाने पाडा. कुठल्याच रकान्यात न बसणारी नावं चौथ्या रकान्यात लिहा, आणि ती कुठे कापली गेली हे आधी तपासा.